हिरवी टिकली

दिपालीनं टॅब उजवीकडं कलता केला, डावीकडं केला, पोटाशी धरला. शेवटी ओढणी डोक्यावरून पुढं ओढून तिच्यात तोंड खुपसलं. काचेत आभाळ होतं. आभाळात एक घार फिरत होती. खाली तिचं स्वतःचं घामानं थबथबलेलं तोंड होतं. ज्या यादीसाठी ती कामथडीहून पहिली एसटी धरून, वेल्हं मागं टाकून, पासलीच्याही डोक्यावरच्या या धनगरवस्तीत चढून आली होती, ती यादी तेवढी त्या काचेत नव्हती.

होती, म्हणजे असणार. दिसत नव्हती एवढंच.

ज्यानं हे ॲप बनवलं त्यानं ते ट्यूबलाइटखाली बसून बनवलं, याबद्दल दिपालीच्या मनात काडीची शंका नव्हती. काळ्या पाटीवर राखाडी अक्षरं. खोलीत ती फार देखणी दिसतात. चैताच्या उन्हात त्याच पाटीचा आरसा होतो. वरून तिला कामावर ठेवणाऱ्या एजन्सीनं टॅब फुटू नये म्हणून आणखी एक चकचकीत काच डकवून दिलेली. काचेवर काच, त्यामुळं जे दिसायचं ते दुहेरी दिसायचं. दोन घारी, दोन दिपाल्या. टॅबला ओरखडा उठू नये याची काळजी वेल्ह्यापासून पुण्यापर्यंत सगळ्यांना होती. ज्या माणसाचं तोंड त्या टॅबपुढं धरायचं त्याला काय होतं, हे विचारायला हा डोंगर चढून अजून कुणी आलेलं नव्हतं.

काम तसं सोपं. माणूस जिवंत आहे की नाही ते टॅबनं ठरवायचं. माणसानं समोर बसायचं, गोलात तोंड आणायचं, सांगितलं की डोळे मिचकावायचे. तोंड जुळलं की टिंग असा आवाज होतो आणि नावापुढं हिरवा ठिपका उमटतो. वस्तीवरच्या बाया त्याला हिरवी टिकली म्हणत. ती लागली की रेशन, म्हातारपणाचा पगार, सरकारी दवाखान्याचं कार्ड सगळं चालू. नाही लागली तर माणूस चुलीपुढं भाकरी खात बसलेला असला तरी त्याचं नाव गेलं.

आज शेवटचा दिवस होता. वस्तीतली बाकीची माणसं खाली पासलीत जाऊन टिकल्या लावून आली होती. राहिली होती एकटी सोजराबाई. गुडघ्यांमुळं ती खाली गेली नाही, आणि वर कातळावर यायचं नावच काढत नव्हती. आणि रेंज होती ती फक्त कातळावर. वस्तीतल्या घरात बसलं तर टॅबवरचं अक्षर न् अक्षर वाचता यायचं, पण रेंजअभावी वाचायला काही उघडायचंच नाही. कातळावर सगळं उघडायचं आणि काही दिसायचं नाही.

दिपाली टॅब बंद करणार, तोच काचेत तिच्या खांद्यामागं कुणीतरी दिसलं. घोंगडीची खोळ डोक्यावरून घेतलेली बाई. बसलेली.

"आलात व्हय आजी? बरं झालं," म्हणत दिपाली वळली.

मागं उघडा कातळ पसरला होता. मधोमध बसायच्या उंचीचा एक धोंडा. धोंड्यावर कुणी नव्हतं. एक सरडा होता, तोही सावली शोधत पळाला.

दोन काचांचा खेळ, ती स्वतःशी म्हणाली, आणि उतारानं वस्तीकडं निघाली. जरा भराभराच निघाली.

सोजराबाई दारात बसून मिश्री लावत होती. कपाळावर रुपयाएवढं लालभडक कुंकू, त्याच्यावर हिरव्या गोंदणाचे तीन ठिपके, हनुवटीवर आणखी एक. तिचा नवरा हैबती मेंढ्या कोंडायच्या वाघरेची जाळी सांधत बाजूला बसला होता.

"आजी, चला ना वर," दिपाली म्हणाली. "दहा मिनटाचं काम हाय."

"त्यो बी तसंच म्हणला हुता," सोजराबाई म्हणाली.

"कोण?"

"तुमच्यातलाच. अमृत म्हून एक पोरगा. गेल्या साली ह्याच उनाचा आलता."

"त्याच्यावर राग धरून काय उपेग?" हैबती म्हणाला. "त्येला तरी कुटं दिसत हुतं."

"त्येला दिसत न्हवतं, पर फुलाला उन लागत हुतं न्हवं?"

फुलाबाई ही सोजराबाईची पाठची सख्खी बहीण आणि जाऊसुद्धा. दोघी बहिणी दोघा भावांना दिल्या, एकाच मांडवात. गोंदणवाली आली तेव्हा एकीचं बघून दुसरीला तसंच गोंदलं. माहेरचं माणूस आलं तरी आधी कुंकवाकडं बघायचं, कारण फुलाबाईचा नवरा तरणा असतानाच विंचू चावून गेला होता आणि तिचं कपाळ तेव्हापासून मोकळं होतं. दोघींत ओळखू येण्यासारखा फरक तो एवढाच.

"फुलाला नेली वर," सोजराबाई सांगू लागली. "बसीवली त्या धोंड्याव. 'मावशी, हलू नका. डोळं मिचकवा. टिंग वाजंपतूर जागचं हलायचं न्हाई.' ती बापडी मिचकवती. ह्येला टॅबात दिसंना. ह्यो हिकडनं बगतूय, तिकडनं बगतूय, आभाळाला शिव्या देतूय. म्या म्हणलं, आगं उठ, सावलीला ये. तर मलाच म्हणती, 'सोजरे, त्यानं हलू नगं म्हणून सांगितलंय.' लई सरळ बाई. सरकारी माणूस म्हणजी तिला देवावानी."

"उनं कलल्याव म्या पाटकुळीला घिऊन उतरलो तिला," हैबती म्हणाला. "आंग आसं भाजत हुतं की माझी पाट पोळली."

"दुसऱ्या दिशी गेली. जायच्या आदी काय इचारलं ठावं हाय का पोरी? 'सोजरे, वाजलं का गं टिंग?'"

दिपालीनं जे सुचलं ते विचारलं, आणि विचारल्यावर तिची तिलाच लाज वाटली. "मयताची नोंद न्हाई केली? अजून नाव यादीत दिसतंय त्यांचं."

"ग्येलो की नोंद कराया," हैबती जाळी खाली ठेवून म्हणाला. "मशीन म्हणतंय पडताळणी अपुरी हाय. आदी ती जित्ती हाय ह्ये पुरं करा, मंग मयत लागंल. म्या म्हणलं, सायेब, आता राख उकरून आणू काय डोळं मिचकवाया?"

तो खो खो हसला. एकटाच. दिपालीला माहीत होतं की म्हातारा खोटं बोलत नाही. ॲपमध्ये अपूर्ण नावापुढं मयत लिहिता येतच नाही. कुण्या शहाण्यानं बोगस मयत रोखायला ही कडी घातली होती. त्या कडीत फुलाबाई गेलं वर्षभर अडकून पडली होती. मेलेली खरी, पण मरायची परवानगी नसलेली.

"आजी, मी तसं न्हाई करणार," दिपाली म्हणाली. "तुम्हाला पाच मिनटं बी उनात बसू देणार न्हाई. पर आज टिकली न्हाई लागली तर तुमचं नाव जातंय. गुडघ्याची औषधं बंद. धान्य बंद. मशीन तुम्हाला मेलेली धरंल."

सोजराबाईनं चूळ भरली. हैबतीकडं बघितलं. तो म्हणाला, "जा. म्या पाटकुळी नेतो."

"मला काय मेलेली समजलाव? चालंल म्या," ती म्हणाली आणि गुडघ्यांवर हात देऊन उठली. मग आत जाऊन वळणीवरची एक काळी घोंगडी घेऊन आली आणि दिपालीच्या हातात दिली. "ही घे. तोंडाव खोळ घिऊन बग त्यात. आंधारात दिसंल तुला. फुलाची हाय."

कातळावर पाय ठेवला की वहाणेतनं चटका वर येत होता. छत्री उघडली तर वारा ती घेऊन दरीत निघाला. दिपालीनं धोंड्याकडं हात केला. बसण्यासारखं दुसरं तिथं काही नव्हतं.

"त्यावर न्हाई," सोजराबाई म्हणाली. "तितं फुला बसलीया."

"मग त्यांना म्हणावं जरा सरून बसा," दिपाली चेष्टेनं म्हणाली. तिला घाई झाली होती. घाईत माणूस काहीही बोलतं.

सोजराबाई हसली नाही. ती गेली आणि धोंड्याच्या अगदी कडेला, अर्धी मांडी बाहेर ठेवून टेकली. उरलेला धोंडा तिनं मोकळा सोडला, एसटीत दुसऱ्या बाईसाठी सीट सोडावी तसा.

दिपालीनं टॅबचा उजेड शेवटपर्यंत चढवला. काच तेवढीच काळी राहिली. नावं एकाखाली एक होती, आधी फुलाबाई, तिच्याखाली सोजराबाई, एकच आडनाव, एकच घर. सकाळी एसटीत सावलीत बसून तिनं जागा ध्यानात ठेवली होती. घाईत घोंगडी काखेतच राहिली आणि तिनं अंदाजानं बोट टेकवलं. घामाचा एक थेंब बोटाच्या आधी काचेवर पडला आणि टॅब हातात थरथरला. काहीतरी उघडलं. काय उघडलं ते आभाळालाच ठाऊक.

काचेत तिला स्वतःचं तोंड दिसलं आणि खांद्यामागं पुन्हा ती खोळ. या खेपेला ती वळली नाही. वळून बघितलं आणि तिथं खरंच कुणी असलं तर काय करायचं, हे तिला ठरवता आलं नाही. सोजराबाई तर तिच्या पुढ्यात बसली होती. मागं बसलेली कोण?

"आजी, आता हलू नका," ती म्हणाली. "डोळे मिचकावा." म्हणून झाल्यावर तिला कळलं की हेच शब्द इथं आधी बोलले गेले आहेत.

तिनं घोंगडीची खोळ डोक्यावरून टॅबच्या कडेपर्यंत पुढं ओढली, मागचा कॅमेरा तेवढा बाहेर ठेवला. आत अंधार, धुराचा आणि मेंढरांचा वास. आणि खरोखर, विहिरीत वाकल्यावर तळ दिसावा तसा टॅब दिसायला लागला. गोल दिसला. गोलाच्या आत म्हातारीचं तोंड दिसलं. गोंदणाचे तीन ठिपके. हनुवटीवरचा एक. सुरकुत्यांत घाम नव्हता. म्हातारी सरळ टॅबकडं बघत होती, फार दिवस वाट बघून दमलेल्या माणसासारखी. तिनं डोळे मिचकावले. एकदा, दोनदा, सावकाश.

टिंग.

"झालं आजी! लागली टिकली!" दिपालीनं घोंगडी मागं टाकली. ऊन एकदम डोळ्यांत घुसलं.

धोंडा रिकामा होता.

सोजराबाई पार कडेला, निवडुंगाच्या वीतभर सावलीत डोकं घालून उभी होती.

"आजी... तुम्ही कधी उठलात?"

"म्या कवाच उठले. तू घोंगडीत शिरलीस तवाच. लई भाजत हुतं बाय, न्हाई सोसलं." मग तिनं मान वर केली. "वाजलं न्हवं? म्या ऐकलं हितनं."

"वाजलं."

सोजराबाईनं धोंड्याकडं बराच वेळ बघितलं. "मंग उठली आसंल ती," ती म्हणाली, शेजारीण बाजाराला गेल्याचं सांगावं तसं. तिच्या डोळ्याला पाणी आलं होतं, पण आवाजात सुटल्याचं समाधान होतं.

दिपालीनं काच डोळ्यांपुढं धरली. तिचं तोंड होतं, आभाळ होतं. खांद्यामागं कुणी नव्हतं.

कातळावर उघडलेली पानं टॅबवर तशीच होती, ती घराच्या सावलीत आल्यावर लख्ख वाचता आली. फुलाबाई. हयात. पडताळणी पूर्ण. शेजारी नखाएवढा फोटो. त्यात कपाळावर तीन ठिपके होते. कुंकू नव्हतं.

हैबतीनं फोटो बघितला आणि डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलं. सोजराबाईनं मिश्रीचं बोट पुढं केलं, बहिणीच्या गालावरून फिरवावं तसं काचेवरून फिरवलं. बोट लागताच फोटो सरकून गेला आणि पुढचं पान आलं. सोजराबाई. अपूर्ण.

"परत आण तिला," सोजराबाई म्हणाली.

"परत न्हाई येत आजी. एकदाच दाखवतं ते."

दिपाली पुन्हा कातळावर गेली, सोजराबाईला घेऊन. या वेळी पहिल्यापासून घोंगडीत शिरून तिनं नाव निवडलं. म्हातारी धोंड्याच्या मधोमध बसली, हलली नाही, कुंकवासकट गोलात आली, डोळे मिचकावले. टॅबवर लाल पट्टी उमटली. हा चेहरा आधीच दुसऱ्या नावावर नोंदलेला आहे. पुन्हा केलं. पुन्हा लाल पट्टी. तिसऱ्या खेपेला टॅबच तापून बंद पडला.

तिनं मोबाईलवरून कुमार सरांना फोन लावला. कुमार सर म्हणजे एजन्सीचे तालुक्याचे प्रमुख, वेल्ह्यात खोली घेऊन बसलेले.

"सर, मोठी गडबड झालीय. मयत बाई हयात लागली आणि जिवंत बाईचा चेहरा घेत नाही."

"मग हयात लागली ना एक?"

"पण चुकीची लागली सर! मला स्क्रीनच दिसत नव्हती. हा टॅब उन्हात चालतच नाही, मी तीन वेळा कळवलंय तुम्हाला—"

"मॅडम, सगळ्या जिल्ह्यात चालतोय तो. तुमच्याच डोंगरावर ऊन पडतं काय? रद्द करायचा अधिकार मला नाही. म्हातारीला संध्याकाळच्या आत इकडं घेऊन या. इथनं काहीतरी करू."

हैबतीनं बायकोला पाठकुळी घेतली. या वेळी ती नको म्हणाली नाही. पासलीपर्यंत तो तसाच उतरला, आणि खालून दुधाच्या टेम्पोनं तिघं वेल्ह्याला आली. वाटेत सोजराबाई एकदाच बोलली. "फुला टेम्पोत कदी बसलीच न्हाई," म्हणाली.

कुमार सरांच्या खोलीत पंखा होता, खिडक्यांना जाड पडदे होते. दारातून आत पाऊल टाकल्यावर आंधळं झाल्यासारखं वाटलं इतका गारवा आणि अंधार. त्यात मोठी स्क्रीन झळझळत होती. अक्षरं काय सुंदर दिसत होती! दिपालीला वाटलं, ॲप बनवणाऱ्याला त्या धोंड्यावर नेऊन बसवावं आणि हलू नको म्हणून सांगावं. हैबती बाहेरच थांबला, जांभळीखाली.

कुमार सरांनी सोजराबाईकडं बघितलं नाही. स्क्रीनकडं बघितलं.

"ही फुलाबाई."

"सर, या सोजराबाई आहेत. तुमच्यासमोर उभ्या आहेत. विचारा त्यांना."

"नाव काय, कुणीही काहीही सांगेल. म्हणून तर चेहरा घेतो ना आपण." ते माउस फिरवत राहिले. "चेहरा एक, नावं दोन. एका चेहऱ्याला एकच नाव मिळतं. फुलाबाईचं लागलेलं आहे, तेच चालू ठेवा. धान्य मिळेल, औषधं मिळतील. आजीला काय फरक पडतो? सोजराबाईचं नाव जाईल, जाऊ दे."

"म्हणजे जिवंत बाईला मेलेली करायची?"

"एक गेलीच आहे ना तुमच्या म्हणण्याप्रमाणं? मग हिशेब बरोबरच येतो की."

दिपालीचं डोकं फिरलं. "साहेब, ती बाई तुमच्या टॅबपायी उन्हात बसून मेली. गेल्या साली. तुमच्याच पोरानं बसवली होती. तेव्हापासून तिथंच बसलीय ती. टिंग वाजायची वाट बघत. ते तुमच्या या स्क्रीनवर कुठं दिसतं का बघा जरा!"

कुमार सरांनी पहिल्यांदा मान वर केली. "उन्हाचा त्रास झालाय तुम्हाला. पाणी प्या." मग पुन्हा स्क्रीनकडं. "फक्त एक अडचण आहे. हे नाव अडकलेलं होतं, त्यामुळं खात्रीचा एक फोटो इथनं जोडावा लागेल. फुलाबाई विधवा आहे आणि आजींना कुंकू आहे. वर फोटो तपासतात. विधवेच्या नावावर कुंकू दिसलं की फाईल माघारी येते, आणि मग दोन्ही नावं जातात."

दिपालीनं सोजराबाईच्या कपाळाकडं बघितलं.

"मी नाही काढणार हा फोटो," दिपाली म्हणाली. तिनं टॅब टेबलावर आपटला. काचेवरच्या काचेला कोपऱ्यात तडा गेला. "आजींचा नवरा जिवंत आहे, बाहेर जांभळीखाली बसलाय. सोडते मी ही नोकरी. ठेवा तुमचा आरसा तुमच्यापाशी."

"मी काढतो," कुमार सर शांतपणे म्हणाले. त्यांना राग येत नसे. राग यायला समोर माणूस दिसावा लागतो.

सोजराबाईला अर्धं कळलं होतं, पण जे कळायचं ते बरोबर कळलं होतं. "पोरी," ती म्हणाली, "ह्येनं न्हाई केलं तर काय हुईल?"

दिपालीला खोटं बोलता आलं नाही. "अपूर्ण राहील, आजी."

"फुलावानी?"

दिपालीनं होकाराची मान हलवली.

"म्हंजी म्या मेल्याव बी मरायची न्हाई." सोजराबाईनं खुर्चीच्या पाठीला धरलं. "त्या धोंड्याव म्या बसू व्हय गं आता? कुनी यीस्तवर? फुलाला म्या तरी हुते. माझ्या मागं कोन हाय वर येऊन सांगाया, की वाजलं म्हून?"

"आजी, आपण पुण्याला जाऊ. वर जाऊ. मी येते तुमच्यासंगं. मी सोडायची न्हाई ह्यांना."

"तू जाशील गं. माझं गुडघं येतील का?"

तिनं पदराचं टोक जिभेला लावलं. लग्नाच्या दिवसापासून जे कपाळ तिनं एक दिवस मोकळं ठेवलं नव्हतं, त्यावरून तिनं पदर एकदा फिरवला, मग दुसऱ्यांदा, जोर देऊन. कुंकू पसरलं, मग फिकट झालं, मग गेलं. तीन हिरवे ठिपके उघडे पडले.

समोर फुलाबाई उभी होती. दिपालीनं कातळावर घोंगडीत बघितलेली, हुबेहूब.

"डोळे मिचकावा आजी," कुमार सर म्हणाले.

टिंग.

बाहेर अजून ऊन होतं, उतरतीचं, पिवळं. हैबती उठून पुढं आला आणि मधेच थांबला.

"फुले?" तो म्हणाला. तोंडातून निघून गेलं. मग त्यानं बायकोचे डोळे बघितले. "तुजं कुकू कुटं गं?"

"आत ठिवलं," सोजराबाई म्हणाली.

"आन् म्या? म्या जित्ता हाय न्हवं?"

"तुमास्नी टिकली लागलीया. तुमचं कवाच झालंय."

हैबती हसायला गेला. हसू आलं नाही. "थांब, हितं दुकानातनं डबी आणतो कुकवाची. लाव. घरी जायाचं हाय आपल्याला. वस्तीव काय सांगू म्या?"

"नगं. फुडल्या साली परत बगत्यात ही. दर साली बगत्यात. तवा पुसायचं, मंग लावायचं, मंग पुसायचं. माझ्याच्यानं दुसऱ्यांदा न्हाई हुयाचं ह्ये." ती जांभळीच्या बुंध्याला टेकून बसली. "फुला म्हून हाक मारा मला. ती बी बरी हुती."

हैबती तिच्यासमोर उकिडवा बसला, पागोटं गुडघ्यावर ठेवून, आणि जमिनीवर काडीनं रेघा मारत राहिला. नवरा जिवंत असून विधवा झालेल्या बायकोशी काय बोलायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

दिपाली पायरीवर बसली. कुमार सरांनी टॅब तिच्या हातात परत दिला होता, जमा करायचं पत्र उद्या टाइप करून आणा म्हणाले होते. तडा गेलेली काच तिच्या मांडीवर उताणी पडली होती, बंद, काळी. उतरतं ऊन तिच्यावर आडवं आलं आणि ती पुन्हा आरसा झाली.

दिपालीला बघायचं नव्हतं. तिनं बघितलं.

तिचं तोंड होतं. जांभळीची फांदी होती. आणि खांद्यामागं घोंगडीची खोळ घेतलेली बाई बसली होती. दिपालीनं झटकन समोर नजर टाकली. सोजराबाई तिथंच होती, बुंध्याला टेकून, मोकळ्या कपाळानं, हैबतीच्या रेघांकडं बघत.

तिनं पुन्हा काचेत बघितलं. काचेतल्या बाईच्या कपाळावर रुपयाएवढं लालभडक कुंकू होतं. ती सरळ दिपालीकडं बघत होती. जागची हलत नव्हती. सांगितल्याप्रमाणं नुसते डोळे मिचकावत होती.